आडवी काठी

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. सांगतो सगळं. फक्त मधी बोलू नका, मला कुणी मधी बोललं की माझं डोकं फिरतं. घरात विचारा कुणालाही.

मे महिन्यातला रविवार होता. आमच्या सुकेशनीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती, नीट म्हणतात ती. सेंटर आलं होतं संभाजीनगरला, हर्सूलकडच्या एका कॉलेजात. आमची वाडी अजिंठ्याच्या खालच्या अंगाला. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. माझा बाप केरबा, त्याचा बाप, सगळे काठी अन् घोंगडी घेऊन रानोमाळ फिरलेले. मेंढरं सोडून स्टेअरिंग धरणारा मी पहिला, अन् बारावी सायन्स करणारी ही पोरगी पहिली. मागच्या साली तिचं थोडक्यात हुकलं होतं. पुन्हा वर्षभर घरात बसून अभ्यास केला बिचारीनं. लग्नाला नाय, जत्रेला नाय. अन् मी तिच्या आईला कबूल करून बसलेलो, की यंदा नाय झालं तर स्थळं बघायला लागायचं. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका दुपारवर आलेलं. दीड वाजता गेट बंद. त्याच्या पुढं आलेलं पोर आत घेत नायत, मग बाहेर रडत बसतात, ते दर साली टीव्हीवर दाखवतात.

गाडीत आम्ही तिघं. मी, सुकेशनी, अन् मागच्या सीटवर माझी माय, म्हाळसाबाई. तिचं तिथं काय काम होतं, तुम्हीच सांगा. पण नात डॉक्टर व्हायला निघाली अन् आजी घरी बसती व्हय? उजाडायच्या आधीच पदर खोचून गाडीत जाऊन बसली. "मी आपली गप देवाचं नाव घेते, तुमाला काय करायचं?" म्हणाली.

गाडी माझीच, सेकंडहँड. लग्नाच्या वऱ्हाडापासून बाळंतिणीपर्यंत सगळं वाहिलेली. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा असतो ना, तो अधनंमधनं लागायचा. आमच्याकडं त्याच्यावर एकच औषध. गाडी घेतली त्याच दिवशी मिस्तरीनं त्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून दिला होता. "त्याच्याकडं बघायचंच नाय शंकरभाऊ. बघितलं की काम निघतं." आमच्या भागात कितीतरी गाड्यांना ती टेप आहे. खोटं वाटत असंल तर कुणाच्याही गाडीत डोकावून बघा.

निघालो चांगल्या वेळेत. पण सिल्लोडच्या पुढं आलो अन् गाड्यांची ही मोठी रांग. पुढं एक कंटेनर आडवा झाला होता. थांबलो, थांबलो, रांग काही हलंना. सुकेशनी पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली, पण पान उलटत नव्हती. एक मोटारसायकलवाला म्हणाला, डाव्या हातानं आत घुसा, शेतातून रस्ता आहे, थेट फुलंब्रीला निघतो. मी काय, मुळातच भडक डोक्याचा. घातली गाडी आत.

रस्ता डांबरीच होता, पण माणूस दिसंना. दोन्ही बाजूला नांगरून टाकलेलं काळं रान. झाड म्हणाल तर एखादी बाभळ. ऊन असं, की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. भर दुपारचं आमची माय आम्हाला लहानपणी घराबाहेर पडू द्यायची नाय. म्हणायची, रातीला निदान अंधार तरी असतो लपायला, दुपारच्याला सगळं उघडं असतं. ते मला तिथं उगाच आठवलं.

तेवढ्यात टेपच्या कडेनं पिवळं दिसायला लागलं.

सुकेशनीनं नखानं टेप उचकटली. दिवा लागलेला.

"पप्पा, हा कधीपासून आहे?"

"असतो तो. तू तुझं फिजिक्स बघ."

"गाडीच्या पुस्तकात वाचलं मी. नुसता लागला तर सावकाश चालवत गॅरेजला न्यायची. लुकलुकायला लागला तर मात्र तिथंच थांबवायची, नायतर इंजिन जातं."

"आता तू मला गाडी शिकवणार व्हय?" मी ओरडलोच तिच्यावर. परीक्षेच्या दिवशी पोरीवर ओरडतो का कुणी? पण घड्याळ पुढं पळत होतं अन् फुलंब्री काही दिसत नव्हती.

तिनं मान पुस्तकात घातली. अन् दिवा लुकलुकायला लागला.

गाडीनं एक हिसका दिला. मग दुसरा. मी पाय उचलला नाय. म्हटलं, जाऊ दे इंजिन तर जाऊ दे, गेटपर्यंत पोचव म्हणजे झालं. अन् त्याच वेळी गाडीत वास आला. जळका नव्हता, ऑइलचा नव्हता. ओल्या घोंगडीचा वास. पावसात भिजून आलेला मेंढका घरात शिरला की येतो ना, तो. मे महिन्यात, त्या कोरड्या उन्हात…

"थांब शंकर," मागून माय म्हणाली. एकदम हळू. "थांब म्हणते ना."

मी ब्रेक मारला. गाडी बंद केली. चावी काढली. अन् दिवा तसाच, उघडझाप, उघडझाप.

मला वाटलं वायरिंग शॉर्ट झालं. उतरलो, बोनेट उचललं, बॅटरीची तार सोडून हातात धरली. आता कशाला पेटतोय, म्हटलं. इंजिन थंड पडत चाललेलं, त्याची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. पाखरू नाय, वारा नाय.

आतून सुकेशनीचा आवाज आला, "पप्पा… अजून लागतोय."

माझ्या हातातली तार सुटून खाली पडली.  चावी माझ्या खिशात, बॅटरी तोडलेली, अन् मी काचेतून बघतोय तर तो पिवळा ठिपका पोरीच्या तोंडावर उघडझाप करायलाय.

मी तोंड फिरवलं. अन् तेव्हा मला काठी दिसली.

बंपरपासून हातभर पुढं, रस्त्यात आडवी पडलेली. मेंढक्याची काठी. बांबूची, तेल पाजून काळी केलेली, टोकाला लोखंडी शेंबी. येताना ती मला दिसली नव्हती. मी वैतागलेलोच होतो, पायानं बाजूला सारायला गेलो.

"पाय लावू नको!"

माय गाडीतून उतरली होती. इतक्या उन्हात तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. ती काठीजवळ आली अन् तिथंच खाली बसली.

ते तुम्हाला ठाऊक नसंल. आमच्यात रीत आहे. रानात कुणी पडलं, जनावर चावलं, बाई अडली, अन् जवळ माणूस नसलं, तर काठी वाटंत आडवी टाकायची. मागून येणारा मेंढका कितीही घाईत असू दे, आडवी काठी ओलांडून पुढं जात नाय. मला हे लहानपणापासून माहीत. पण गाडी चालवणाऱ्याला काय, काठी म्हणजे लाकूड.

"हीच ती मोरी, शंकर," रस्त्याखालच्या ओढ्याच्या छोट्या पुलाकडं बोट करत माय म्हणाली. "तवा रस्ता कच्चा होता. मला मघापासून कळंना, कुठं आलो आपण… हीच ती."

आमचा बाप असाच मे महिन्यात गेला. मायबरोबर मेंढरं घेऊन चालला होता अन् ऊन लागून रस्त्याच्या कडंला पडला. मी तेव्हा पैठणला भाडं घेऊन गेलेलो. कळलं तोवर सगळं आटपलेलं. ऊन लागून गेला, एवढंच मायनं आम्हाला सांगितलं होतं. बाकीचं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, रस्त्यात बसून, काठीकडं बघत.

"त्याची काठी मी आडवी टाकली हुती. जीप आली, वरून गेली. टेम्पो आला, वरून गेला. मी पदर हालवायची, लोक काच वर घ्यायचे. त्यो पडल्या पडल्या बघत हुता. काठी मोडली कडाकन, तवा त्यानं डोळे मिटले."

अन् मी? माझा धंदाच गाडीचा. 

अन् तेवढ्यात हाक आली.

"हुर्र्य… हुर्र्य… ये ये ये…"

मोरीच्या खालून. मेंढरांना गोळा करायची हाक. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते, मेंढरू दुसऱ्याच्या हाकेला मान वर करत नाय. ही हाक ऐकत मी लहानाचा मोठा झालो. बापाची हाक ओळखायला माणसाला किती वेळ लागतो? माय तोंडाला पदर लावून बसून राहिली. मी उतारावरून खाली पळालो.

मोरीच्या सावलीत मेंढरं दाटून उभी होती. दुपारची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, तुम्ही बघितली असतील. ही तशी नव्हती. सगळ्यांची तोंडं वर, माझ्याकडं. एकही ओरडत नव्हतं. मी पुढं झालो तशी ती आपोआप बाजूला सरली, अन् मधी एक बाई पडलेली.

तिशीची असंल. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाय. बाजूला पुरुष नाय, पोर नाय, कुणीच नाय. मग हाक कुणी मारली होती?

"आजी, पाणी तोंडात नका घालू!" सुकेशनी ओरडली. ती अन् माय माझ्यामागं कधी आल्या कळलंच नाय, माय पाण्याची बाटली बाईच्या तोंडाशी नेत होती. "शुद्धीत नाय ती, ठसका लागंल. अंगावर घाला. मानेवर, काखेत. पप्पा, गाडीतलं सगळं पाणी आणा."

आणलं. पोरीनं आपली ओढणी भिजवली, बाईच्या अंगावर टाकली, माझा शर्ट काढून घेतला अन् त्यानं वारा घालायला लागली. सराव केल्यासारखे तिचे हात चालत होते. बाईच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"हिला दवाखान्यात न्यायला लागंल, लगेच."

"पोरी, तुझं गेट…"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खोटं कशाला बोलू. "पप्पा, बाई मरंल. उचला."

उचलली. वर आणली. माय मात्र मोरीपाशीच उभी.

"चल माय."

"मेंढरं कोण बघंल? त्या बाईचा संसार हाय त्यो. मी थांबते, तुमी व्हा पुढं."

"इथं? एकटी?"

"एकटी कुठं…" माय म्हणाली, अन् माझ्याकडं न बघता हातानं 'जा' म्हणाली.

वाद घालायला फुरसत नव्हती. बाईला मागच्या सीटवर निजवलं, सुकेशनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तार जोडली. बोनेट पाडलं. समोर बघतो, तर रस्त्यात काठी नव्हती. मी उचलली नव्हती. मायच्या हातात नव्हती. गाडी पहिल्या चावीला चालू झाली अन् डॅशबोर्ड स्वच्छ, दिव्याचा मागमूस नाय. हिसका नाय, आवाज नाय. असं इंजिन मी त्या गाडीचं कधी ऐकलं नव्हतं.

फुलंब्री आली. सरकारी दवाखान्यात बाईला आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं, लगेच सलाईन लावलं, बर्फ मागवला. म्हणाल्या, "ओलं कुणी केलं हिला? त्यानंच वाचली." सुकेशनी लाजली तेवढी. बाईच्या कनवटीला मोबाईल होता. तिच्या नवऱ्याला फोन लावला, मोरीची खूण सांगितली, अन् आम्ही जे सुटलो ते सुटलो.

चौक्याचा घाट मी कसा उतरलो मला आठवत नाय. हर्सूलला पोचलो तेव्हा गेटवरचा माणूस दरवाजा ओढत होता. मी गाडीतूनच बोंब मारली. सुकेशनी उडी मारून पळाली, अंगावरचे कपडे ओले, केस विस्कटलेले, हातात तेवढं हॉल तिकीट. आई-बापांची गर्दी बाजूला झाली. गेटवाल्यानं दरवाजा एका माणसाइतका उघडा धरला. "आ जाओ बेटा, भागो, भागो!" ती आत गेली अन् मागं कडी पडली.

मी तिथं गेटसमोर बनियनवर उभा राहून रडलो. लोकांना वाटलं, ह्याची पोरगी राहिली बाहेर. तिचा नंबर लागला, आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण ते नंतरचं.

पेपर पाचला सुटणार होता. मी गाडी परत फुलंब्रीकडं घेतली. माय उन्हात होती ना माझी. वाटेत दवाखान्यात डोकावलो, तर बाई शुद्धीवर आलेली. कडूबाई नाव. तोंड उतरलेलं, पण बोलत होती. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "दादा, त्ये बाबा कुठं हायेत?"

"कोणते बाबा?"

"घोंगडीवाले. म्हातारे. मी पडले तवा उशाशी येऊन बसले. घोंगडी धरली माझ्यावर. ओली हुती, लई गार वाटलं. म्हनले, निजू नको बाय, माझा पोरगा यायलाय गाडी घेऊन. त्यो थांबंल."

मी खाटेची कड धरली. मला रडू आलं का भीती वाटली, मला अजून सांगता येत नाय. दोन्ही.

"रस्त्यात काठी तू टाकली होतीस का?" मी विचारलं.

"माझी काठी तर मोरीखाली माझ्या उशाशी हुती. मी कुठली रस्त्यावर जाती, दादा? उठवत नव्हतं मला." तिनं डोळे मिटले, परत उघडले. "गाडी थांबली तसे बाबा उठले. हसले. चालत गेले रानात, परत बघितलं बी नाय मागं. पण… ते बाकीचे का गेले नायत?"

"बाकीचे कोण?"

"रस्त्याच्या कडंला उभे हुते ते. उन्हात. ते तसेच उभे ऱ्हायले."

मी तिथून निघालो. गाडी कशी चालवली विचारू नका. माय एकटी होती तिथं, अन् मीच तिला सोडून आलो होतो.

मोरी लांबून दिसली. मेंढरं नव्हती, कडूबाईचा नवरा येऊन घेऊन गेला होता. ऊन कलायला लागलेलं. माय रस्त्याच्या कडंला वाकून काहीतरी करत होती, सरकत सरकत पुढं जात होती. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं, तोंड शांत. इतकी शांत माय मी बाप गेल्यापासून बघितली नव्हती.

"पोरगी गेली आत?"

"गेली माय. अगदी वेळेवर."

"मला ठावं हुतं." तिनं हात जोडले. "तुझा बाप बी गेला, शंकर. सुखानं गेला. तू त्या बाईला उचललं, तवाच."

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. सकाळी घरून बांधून आणलेल्या भाकरी तिनं मोडल्या होत्या अन् एकेक तुकडा रस्त्याच्या कडंला ठेवला होता. प्रत्येक तुकड्यात पावलाएवढं अंतर. रस्त्याकडं तोंड करून माणसं उभी असावीत, तसे सरळ रांगेत. रांग मोरीपासून निघाली होती अन् पार पुढच्या वळणापर्यंत गेली होती.

"हे कुणाला, माय?" मी विचारलं. 

"ज्यांच्यापाशी अजून कुणी थांबलंच नाय, त्यांना," म्हणत तिनं फडकं झटकलं. आत काही उरलं नव्हतं. वळणाच्या पलीकडं, जिथं मला नुसता मोकळा रस्ता दिसत होता, तिकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"भाकरी पुरली नाय रे, शंकर," ती म्हणाली.